डेसिबल आणि विश्वास अंतराल : गोंगाट मोजण्याचा इतिहास



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की आवाजाची मोजणी आणि संख्याशास्त्र यांच्यात तत्त्वज्ञानाच्या माणसाचं काय काम? काम आहे. 'आपल्याला हे माहीत आहे' असं म्हणण्याचा अधिकार माणसाला कधी मिळतो, हा आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न. गेल्या शंभर वर्षांत त्याला जी नवी उत्तरे मिळाली, त्यांतले एक संख्याशास्त्रज्ञांकडून आले. त्याचे नाव कॉन्फिडन्स इंटर्व्हल, मराठीत विश्वास अंतराल. आज आपण त्याचा इतिहास बघणार आहोत, तोही रस्त्यावरच्या गोंगाटाच्या निमित्ताने.

निमित्त आपल्या ओळखीचं आहे. गणेशोत्सव संपला, दिवाळी संपली, की वर्तमानपत्रांत आवाजाचे आकडे येतात. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत मोजणी करतात. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली यांनी वर्षानुवर्षे हे काम केले आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळही आकडे काढते. हे सगळे काम मोलाचे आहे. प्रश्न आहे तो आपण वाचक त्या आकड्यांचे काय करतो याचा. समजा, गेल्या वर्षीपेक्षा यंदा एका चौकातला आकडा दोन डेसिबलने उतरला. आपण लगेच म्हणतो, लोक सुधारले. पुढच्या वर्षी दोनने चढला, की म्हणतो, बिघडले. पण दोन डेसिबलचा चढउतार त्याच चौकात, त्याच संध्याकाळी, दहा मिनिटांच्या अंतराने सहज होतो. मग आपल्याला नेमके काय कळले?

हा प्रश्न निव्वळ पंडिती नाही. एका बाजूला ज्याच्या खिडकीखाली रोज रात्री कर्णे वाजतात तो माणूस आहे. दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर कारवाई होणार तो हॉलवाला, कारखानदार किंवा मंडळाचा कार्यकर्ता आहे. दोघांच्या मध्ये एक आकडा उभा असतो. तो आकडा किती भार पेलू शकतो, हे न बघताच आपण त्याच्यावर निकाल ठेवतो.

आता शंभर वर्षे मागे जाऊ.

आवाज किती मोठा, हे पूर्वी लोक शब्दांत सांगत. आकड्यात सांगायची गरज प्रथम पडली ती टेलिफोनवाल्यांना. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो; किती क्षीण होतो, हे मोजायला अमेरिकेत एक माप होते, 'प्रमाणित तारेचा एक मैल'. एवढ्या लांबीच्या तारेत जेवढा आवाज विरतो तेवढे एक माप. १९२४ मध्ये त्याच्या जागी गणिती पाया असलेले नवे एकक आले, आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबल म्हणू लागले. म्हणजे मुळात हे माप तारेतल्या हानीचे. रस्त्यावर ते नंतर आले.

या मापाची एक खोड आहे, ती आत्ताच समजून घेऊ, पुढे लागेल. डेसिबलची शिडी बेरजेची नसून गुणाकाराची आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. तीन डेसिबल वाढले की जवळजवळ दुप्पट. म्हणून एक तास ६० डेसिबल आणि एक तास ८० डेसिबल असेल, तर दोन तासांची ऊर्जेची सरासरी ७० येत नाही, ७७ येते. मोठा आवाज सरासरीला आपल्याकडे ओढतो. ज्याला नियमांच्या भाषेत एल-ईक्यू म्हणतात ती हीच ऊर्जेची सरासरी.

माप हाती आले आणि शहराने ते लगेच उचलले. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त शर्ली विन यांनी १९२९ मध्ये गोंगाट निवारणासाठी एक आयोग नेमला. मोजणीची उपकरणे एका ट्रकवर चढवली आणि ती फिरती प्रयोगशाळा शहरभर हिंडवली. १३८ ठिकाणी मिळून सुमारे १०,००० निरीक्षणे नोंदली गेली. बेल टेलिफोन प्रयोगशाळेची माणसे आणि उपकरणे या कामात होती. आयोगाचा अहवाल १९३० मध्ये निघाला. शहरात काही ठिकाणी इतका कल्लोळ असतो की तिथे सैबेरियातला किंवा बंगालमधला वाघ खुशाल डरकाळ्या फोडत बसला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागणार नाही, अशा अर्थाचे एक विधान त्यात आहे. वर्तमानपत्रांना असा वाघ फार आवडतो.

पण आपण त्या १०,००० या संख्येकडे बघू. एवढ्या नोंदी म्हणजे ज्ञान पक्के, असं वाटतं ना? भागाकार करा. एका ठिकाणाच्या वाट्याला सत्तर-बहात्तर नोंदी. शहरात चौक हजारो, तास चोवीस, ऋतू निरनिराळे. त्या सत्तर नोंदींवरून त्या चौकाच्या वर्षभराविषयी किती ठामपणे बोलता येईल? हा प्रश्न विचारायचा तर त्यासाठी आधी भाषा लागते. विश्वास अंतराल हा शब्द छापून यायला तेव्हा अजून चार वर्षे अवकाश होता.

गंमत अशी, की त्या भाषेची तयारी त्याच छपराखाली चालू होती. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक होते. कंपनीचा अभियांत्रिकी विभाग १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळेत सामील झाला, तेव्हा तेही तिथे आले. त्यांना सतावणारा प्रश्न असा : कारखान्यातून निघणाऱ्या सुट्या भागांची मापे रोज थोडी इकडेतिकडे होतात, त्यांतला कोणता फरक नेहमीचा आणि कोणता फरक म्हणजे खरोखर काही बिघडले? १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले. त्यात एक आलेख होता : मधे सरासरीची रेघ, वर-खाली एकेक मर्यादेची रेघ. माप त्या दोन रेघांच्या आत डोलत असेल तोवर यंत्राला हात लावू नका. बाहेर गेले की कारण शोधा.

म्हणजे बघा, डेसिबल आणि ही सहज चढउताराची शिस्त एकाच घरात, एकाच वर्षी वाढीला लागली. जगभरच्या नगरपालिकांनी पहिले मूल दत्तक घेतले. दुसरे कारखान्यातच राहिले.

शूहार्टच्याही आधीचे एक नाव घेतले पाहिजे. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात विल्यम गॉसेट हे रसायनज्ञ काम करत. त्यांची अडचण व्यवहारी होती. प्रयोग महाग, म्हणून मापे थोडी; चार, पाच, फार तर दहा. खूप मापे असतील तर काय करायचे, हे खगोलशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते. चारच मापे असतील तर सरासरीवर किती भिस्त ठेवायची, हे कोणी सांगितले नव्हते. गॉसेट यांनी ३,००० गुन्हेगारांच्या उंचीची आणि मधल्या बोटाच्या लांबीची नोंद असलेली जुनी आकडेवारी घेतली, ती पुठ्ठ्याच्या ३,००० तुकड्यांवर उतरवली, ते तुकडे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती भरकटते, ते बघितले. १९०८ मध्ये हे काम 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेली तक्ती आजही 'टी' या नावाने वापरतात. तिचे सार एका वाक्यात : मापे कमी असतील तर संशयाची रुंदी जास्त ठेवा, आणि ती किती जास्त ठेवायची याचा हिशेब हा असा आहे.

आता मुख्य पात्र, येझी नेमन. जन्माने पोलिश, १९३४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आलेले. त्या वर्षी जून महिन्यात रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी एक निबंध वाचला. त्यात एक इटालियन उदाहरण होते. इटलीच्या १९२१ च्या जनगणनेचे कागद सांभाळून ठेवणे अवघड झाले, तेव्हा कोर्रादो जिनी आणि लुइजी गाल्वानी यांनी २१४ जिल्ह्यांतून विचारपूर्वक २९ जिल्हे निवडले. ज्या काही सरासऱ्या देशाशी जुळायला हव्या होत्या त्या त्यांनी जुळवून घेतल्या. पण बाकीच्या गोष्टी तपासल्या तेव्हा त्या जुळेनात. नेमन यांचा निष्कर्ष असा, की प्रातिनिधिक वाटणारी निवड आणि यादृच्छिक निवड या भिन्न गोष्टी आहेत. चिठ्ठी टाकून निवडले तरच आपण किती चुकू शकतो, हे सांगता येते. डोळसपणे 'चांगले' जिल्हे निवडले तर ते सांगताच येत नाही.

ही चूक सांगायची रीत म्हणजे विश्वास अंतराल. एक आकडा देऊ नका. खालची आणि वरची अशी दोन टोके द्या. ती टोके अशा रीतीने काढा, की ही रीत पुन्हा पुन्हा वापरली तर शंभरांतून पंचाण्णव वेळा खरी किंमत त्या दोन टोकांच्या मध्ये सापडेल.

इथे शब्द नीट ऐकले पाहिजेत. जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो. खुंटी जागच्या जागी रोवलेली, आपण रिंगा फेकतो. सराव असलेल्या माणसाच्या शंभरांतल्या पंचाण्णव रिंगा खुंटीत पडतात, असं समजा. आता खुंटी आपल्याला दिसत नाही, अशी कल्पना करा. एक रिंग पडली. ती खुंटीत आहे की नाही? एक तर आहे, नाही तर नाही. खुंटी काही हलत नाही. पंचाण्णव टक्के हे वर्णन त्या पडलेल्या रिंगेचे नव्हे, फेकणाऱ्या हाताचे आहे. खुंटी म्हणजे खरी पातळी, रिंग म्हणजे आपण काढलेले अंतराल, आणि हात म्हणजे आपली मोजणीची पद्धत.

हे त्या काळच्या विद्वानांनाही पचले नाही. त्या सभेत आर्थर बाउली यांनी आडून विचारले, की हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे लोकांना विश्वासात घेऊन फसवण्याचा प्रकार तर नव्हे ना? शंका रास्त होती. लोकांना हवे असते 'या आकड्यावर किती विश्वास ठेवू?' याचे उत्तर. नेमन देत होते 'या पद्धतीने वागत राहिलात तर आयुष्यात किती वेळा चुकाल?' याचे उत्तर. पुढे त्यांनी याला 'विगामी वर्तन' अशा अर्थाचे नाव दिले. नमुन्यावरून मनात कोणती श्रद्धा बाळगायची, यापेक्षा कसे वागायचे हे ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना हे वरवर कोरडे वाटते. पण सार्वजनिक निर्णयांना हीच भाषा सोयीची आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी नागरिकाला कर्तव्य नसते. तो कोणत्या पद्धतीने वागतो, याच्याशी असते.

आता ही रीत घराच्या खिडकीत आणू. खालचे आकडे कल्पित आहेत, हिशेब समजावा म्हणून घेतलेले. समजा, एक बाई निवासी भागात राहतात. त्यांना जाणून घ्यायचे आहे, की रात्री आठ ते नऊ या तासात खिडकीपाशी आवाज साधारण किती असतो. त्यांनी तीन महिन्यांच्या तारखांतून चिठ्ठ्या टाकून नऊ संध्याकाळ निवडल्या. प्रत्येक वेळी पूर्ण तासाची एल-ईक्यू घेतली. आकडे आले : ५४, ५९, ५२, ६१, ५६, ५८, ६३, ५३, ५७. सरासरी नेमकी ५७.

निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे. ती साऱ्या दिवसाची सरासरी धरून ठरते, पण आपण इथे ५५ हा केवळ एक खांब म्हणून वापरू. बाई म्हणणार, ५७ म्हणजे मर्यादा ओलांडली. थांबा, रुंदी काढू. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती दूर, त्यांचे वर्ग करा, बेरीज १०८. आठने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन साधारण ३.६७. नऊचे वर्गमूळ तीन, त्याने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी १.२२. गॉसेटच्या तक्त्यात नऊ मापांसाठी गुणक २.३१ आहे. गुणाकार २.८. म्हणजे अंतराल ५४.२ ते ५९.८. खांब आतच आहे. ५५ पेक्षा जास्त असण्याकडे कल दिसतो, पण या पुराव्यावर ठामपणे 'ओलांडली' म्हणता येत नाही.

बाई चिकाटीच्या असतील तर त्या ३६ संध्याकाळ मोजतील. सरासरी आणि विचलन तेवढेच निघाले असे धरू. आता छत्तीसचे वर्गमूळ सहा, त्रुटी ०.६१, गुणक २.०३, आणि अंतराल ५५.८ ते ५८.२. खांब बाहेर गेला. आता बोलता येते. लक्षात घ्या, सरासरी दोन्ही वेळा ५७च होती. वर्तमानपत्रात दोन्ही वेळा एकच मथळा आला असता.

यातून श्रमाचा हिशेबही दिसतो. रुंदी निम्मी करायची तर मापे दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात.

इथे दोन धोके आहेत. पहिला, ५७ ही आपण डेसिबलच्या आकड्यांची साधी सरासरी काढली. 'एखादी संध्याकाळ साधारण कशी असते?' या प्रश्नाला ती चालते. नियमाला ऊर्जेची सरासरी हवी असेल, तर त्याच नऊ आकड्यांची ती ५८.४ येते, कारण ६३ची संध्याकाळ तिला वर ओढते. तिचे अंतरालही वेगळ्या रीतीने काढावे लागते. आधी प्रश्न ठरवायचा, मग सरासरी, मग अंतराल. क्रम उलटा केला की सोयीची सरासरी निवडण्याचा मोह होतो.

दुसरा धोका जास्त सूक्ष्म. आजची यंत्रे दर सेकंदाला नोंद करतात. एका तासात ३,६०० नोंदी. ३,६००चे वर्गमूळ ६०. कोणी हुशारीने विचलनाला ६०ने भागेल आणि केसाइतके बारीक अंतराल दाखवेल. पण एक सेकंद आणि त्याच्या पुढचा सेकंद या दोन साक्षी नाहीत. बँड वाजत असेल तर तो दोन्ही सेकंदांत वाजतो. एकाच साक्षीदाराने तीच गोष्ट ३,६०० वेळा सांगितली म्हणून ३,६०० साक्षीदार होत नाहीत. आपल्या प्रश्नासाठी एक संध्याकाळ ही एक साक्ष आहे. न्यूयॉर्कच्या १०,००० निरीक्षणांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो : यांतले स्वतंत्र साक्षीदार किती?

आता या कथेत आपला माणूस येतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. नेमन तिथे आले त्याच काळातली ही गोष्ट. सुखात्मे यांनी नेमन यांच्या नमुना निवडीच्या सिद्धांतावरच काम केले, १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन ती विद्या शेतात नेली. एका तालुक्यात गहू किती पिकला, हे कळण्यासाठी सगळे शेत कापून तोलता येत नाही. यादृच्छिक रीतीने निवडलेले छोटे तुकडे कापतात आणि त्यावरून अंदाज बांधतात.

तुकडा किती मोठा घ्यावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा गाजलेला वाद झाला. लहान तुकडा घेतला तर तेवढ्याच खर्चात पुष्कळ तुकडे होतात आणि अंतराल बारीक होते. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवले, की फार लहान तुकड्यांत उत्पन्न सातत्याने जास्त दिसते. मुख्य कारण मानवी आहे. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न आला, की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात कडेवरची रोपे एकूण रोपांच्या मानाने थोडी, म्हणून चूक थोडी. लहान तुकड्यात ती पुष्कळ.

हे कडेवरचे रोप आवाजाच्या मोजणीत जागोजाग उभे आहे. मोबाइल हातात घेऊन दोन मिनिटांची मोजणी माणूस कधी सुरू करतो? कान किटले की. ढोल जवळ आला, डंपरने कर्णा वाजवला, की बटण दाबतो. कापणारा जसा कडेचे रोप आत ओढतो, तसा मोजणारा कडेचा कर्णा आत ओढतो. उलट बाजूचा अधिकारी मिरवणूक पुढे सरकल्यावर येतो आणि शांत चौक मोजून जातो. असे शंभर आकडे जमवले तर अंतराल बारीक होईल, पण ते बारीक अंतराल चुकीच्या जागी बसलेले असेल. नेम सराईत, पण खुंटी भलतीकडे.

म्हणून तासाची लांबी आणि तारखा आधी ठरवणे हे अंतरालाच्या गणिताइतकेच महत्त्वाचे. तसेच यंत्राचे. चाचणीच्या छोट्या उपकरणातून १,००० हर्ट्झचा ९४ डेसिबलचा ठरावीक सूर देऊन यंत्र तेवढेच दाखवते की नाही, हे मोजणीच्या आधी आणि नंतर बघतात. यंत्र तीन डेसिबल जास्त दाखवत असेल, तर ते नऊ संध्याकाळीही तीन जास्त दाखवेल आणि छत्तीस संध्याकाळीही. अंतरालाला ही चूक दिसत नाही.

महालनोबिस यांच्याकडे अशा चुकांवर एक देशी उपाय होता. बंगालमधल्या तागाच्या पाहणीत त्यांनी एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवण्याची रीत आणली. दोघांचे नमुने वेगळे, नोंदवणारी माणसे वेगळी. दोन उत्तरांत सहज चढउतारापेक्षा जास्त फरक पडला, तर समजायचे, की शेतात नव्हे, मोजणाऱ्यांत काही तरी आहे. आवाजाच्या भांडणात हे किती सहज करता येईल! तक्रारदाराची एक मोजणी, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याची एक, तारखा दोघांच्याही चिठ्ठीने ठरलेल्या. दोन अंतराले शेजारी ठेवा. निम्मी भांडणे तिथेच कळतील.

आता आपल्या कायद्याकडे. ध्वनिप्रदूषण नियम फेब्रुवारी २००० मध्ये आले. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये या विषयावर विस्तृत निर्णय दिला. या अनुसूचीत किती संध्याकाळ मोजायच्या आणि आकड्याची रुंदी कशी सांगायची, याविषयी शब्द नाही. मात्र मूळ नियमात तक्रारीसाठी एक अट आहे : मर्यादा १० डेसिबलने किंवा त्याहून अधिक ओलांडलेली असावी.

ही दहाची उशी म्हणजे अंतरालाची गावठी भावंडच म्हणायला हवी. मोजणीत हलणे असते, हे कायद्याला कुठे तरी कळलेले असावे, असे ती वाचताना वाटते. पण ही उशी सगळ्यांना सारखीच. एक मिनिट मोजलेत तरी दहा, वर्षभर मोजलेत तरी दहा. छत्तीस संध्याकाळ खिडकीशी बसलेल्या बाईंच्या मेहनतीला ती काडीची किंमत देत नाही. ५७ची सरासरी त्यांनी कितीही पक्की केली, तरी त्या ६५च्या अलीकडेच. आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा, हे आपण सुरुवातीला बघितले. अंतरालाची उशी वेगळी असते. पुरावा वाढला की ती पातळ होते.

इथे शेवटचा आणि खरा प्रश्न येतो. अंतराल ५४.२ ते ५९.८ असले, तर दोन्ही बाजू ते वापरतील. हॉलवाला म्हणेल, ५५ आत आहे, म्हणजे मी निर्दोष. बाई म्हणतील, अंतरालाचा बहुतेक भाग ५५च्या वर आहे, म्हणजे तो दोषी. दोघेही अंतरालाकडून ते मागत आहेत जे त्याच्यापाशी नाही. अंतराल एवढेच सांगते, की अजून कळलेले नाही. आणि किती कळलेले नाही तेही सांगते. 'सिद्ध झाले नाही' आणि 'त्रास नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. सार्वजनिक चर्चेत पहिल्याची जागा दुसरे कधी घेते, ते आपल्या लक्षातही येत नाही.

मग संशयाचा भार कोणी वाहायचा? नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये हा प्रश्न न्यायालयाच्या उपमेनेच मांडला होता. निरपराधाला शिक्षा होणे वाईट, की अपराधी सुटणे वाईट? दोन्ही चुका एकदम शून्य करता येत नाहीत. पुरावा तेवढाच असेल तर एक कमी केली की दुसरी वाढते. समतोल कुठे साधायचा, हे गणित सांगत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. पंचाण्णव टक्के हा आकडासुद्धा निसर्गाने दिलेला नाही, तो संकेत आहे. दंड करायचा असेल तर आपण कडक पुरावा मागावा, हे योग्यच. पण इस्पितळाजवळचा कर्णा तात्पुरता खाली उतरवायला सांगायचा असेल, तर तेवढ्याच कडक पुराव्याची वाट का बघायची? निर्णयाची किंमत वेगळी, तर पुराव्याची पायरीही वेगळी हवी. ती कुठे ठेवायची हे आपण नागरिकांनी, उघडपणे, मोजणीच्या आधी ठरवायचे असते. मोजणीनंतर ठरवले की तो पक्षपात.

आणि एक मर्यादा सांगून थांबू. सरासरीचे अंतराल कितीही बारीक केले तरी ते सरासरीचेच. माणसाची झोप सरासरीने मोडत नाही, रात्री दोन वाजता वाजलेल्या एका कर्ण्याने मोडते. म्हणून जाणकार मोजणारे सरासरीबरोबर आणखी दोन आकडे देतात : वेळेच्या फक्त दहा टक्के भागात ओलांडली जाणारी पातळी आणि नव्वद टक्के भागात ओलांडली जाणारी पातळी. पहिल्यातून शिखरे दिसतात, दुसऱ्यातून पायाचा घोंगावणारा आवाज. दोघांनाही आपापले अंतराल असते.

तेव्हा पुढच्या उत्सवानंतर वर्तमानपत्रात आकडा वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारा. किती वेगवेगळ्या दिवशी मोजले? दिवस आणि वेळ कोणी, कधी ठरवली? यंत्र तपासले होते का? आणि त्या आकड्याची दोन टोके कोणती? उत्तरे मिळाली नाहीत तर आकडा खोटा ठरत नाही. तो अर्धा सांगितलेला असतो. उरलेला अर्धा मागणे हा आपला हक्क आहे. १९२४ साली एका घरातून दोन मुले निघाली होती. त्यांतले एक आपल्या नियमांत येऊन रुळले. दुसऱ्याला अजून आत घ्यायचे आहे.

इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ.